शाळेच्या ग्रंथालयातील कृतिकक्ष : दान आणि देखभाल

शाळेला काही द्यावे असे एखाद्या व्यापारी कुटुंबाच्या मनात येते, तेव्हा त्यामागे बहुधा काही निमित्त असते. वडिलांची पुण्यतिथी, आईच्या वर्षीतपाचे पारणे, पेढीला झालेली पन्नास वर्षे. भावना मनापासूनची असते आणि रक्कम काढतानाही हात आखडता घेतलेला नसतो. पूर्वी अशा देणगीतून वर्गखोली बांधली जाई, पाण्याची टाकी बसवली जाई, ग्रंथालयाला काचेची कपाटे मिळत. पुढे संगणक कक्षांचे दिवस आले. आता शाळांच्या चर्चेत ‘मेकरस्पेस’ हा शब्द आला आहे. ग्रंथालयाचा एक भाग मोकळा करावा, तेथे अवजारे आणि छोटी यंत्रे ठेवावीत आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू घडवाव्यात, अशी ही कल्पना. मराठीत तिला ‘कृतिकक्ष’ म्हणता येईल.

कल्पना चांगली आहे. मात्र तिच्यावर पैसे खर्च करण्याआधी, व्यापारात जो प्रश्न पहिला विचारला जातो तोच येथेही विचारायला हवा. दुकान थाटण्याचा खर्च किती, हे सर्वांना कळते. ते चालवण्याचा खर्च किती आणि तो कोण करणार? दर्शनी फर्निचरवर सारे भांडवल घालून माल भरायला पैसा न उरलेले दुकान किती दिवस चालते, हे कोणाही दुकानदाराला सांगावे लागत नाही. शाळेला दान देताना मात्र हा अनुभव बाजूला राहतो. त्यामुळे यंत्र येते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते आणि काही महिन्यांनी खोलीला कुलूप लागते.

पाबळचा धडा

मुलांच्या हाती अवजार देण्याची ही कल्पना परदेशातून आली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिचे एक फार महत्त्वाचे पान महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी लिहिले गेले आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गाव कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. सुपीक आणि संपन्न गाव त्यांनी मुद्दामच निवडले नाही. सर्वसाधारण, अडचणीच्या गावात जे चालेल तेच अन्यत्र चालेल, हा त्यामागचा विचार होता.

तेथे त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम उभा केला. माध्यमिक शाळेतील मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करायचे. कामाचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वेल्डिंग आणि वायरिंगपासून मातीपरीक्षण आणि रक्तगट तपासणीपर्यंतची कामे मुले शिकू लागली. राज्याच्या माध्यमिक शालान्त मंडळाने या विषयाला मान्यता दिली आणि अनेक शाळांनी तो स्वीकारला.

या पद्धतीतील एक तत्त्व व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. मुलांनी केलेले काम हे नुसते प्रात्यक्षिक नसे. गावाला ज्या सेवेची गरज आहे ती मुलांनी द्यायची आणि गावाने तिचा मोबदला द्यायचा. एखाद्याच्या घराचे फाटक बनवायचे तर लोखंड किती लागेल, दर काय, मजुरी किती आणि हाती काय उरेल, याचा हिशेब मुलेच मांडत. ग्राहक खरा असल्यामुळे माप चुकवून चालत नसे. फाटक बसले नाही तर गुण कमी होण्यावर भागत नसे, ते पुन्हा करून द्यावे लागे. भूमिती, विज्ञान आणि जमाखर्च हे तीन विषय एका फाटकात एकत्र येत.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी पुढे ‘फॅब लॅब’ ही संकल्पना मांडली. संगणकावर आराखडा काढायचा आणि छोट्या यंत्रांवर तो प्रत्यक्षात उतरवायचा, अशी ही कार्यशाळा. २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिन नीट जुळवून घेणे अशा कामांची उपकरणे तेथे विचाराधीन होती. म्हणजे यंत्रे नवी होती, पण प्रश्न गावाचेच होते.

पाबळला फॅब लॅब आली तेव्हा विज्ञान आश्रमाच्या कामाला एकोणीस वर्षे होऊन गेली होती. हातोडी, कानस आणि वेल्डिंगची सवय असलेली मुले आणि त्यांना शिकवणारी माणसे तेथे आधीपासून होती. यंत्र त्यानंतर आले. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण काम थांबले नाही, कारण ते एखाद्या यंत्रावर किंवा एकट्या माणसावर उभे नव्हते. शाळांनी उचलावा असा पाबळचा धडा हा आहे : आधी माणूस आणि सवय, मग यंत्र.

ग्रंथालयातच का?

शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा असते, मग अवजारे ग्रंथालयात कशाला, असा प्रश्न सहज येतो. त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या स्वभावात आहे. प्रयोगशाळेत मूल तासिकेनुसार जाते, ठरलेला प्रयोग ठरलेल्या रीतीने करते आणि तो वहीत उतरवते. ग्रंथालयात ते स्वतःच्या कुतूहलाने जाते. तेथे इयत्तेची अट नसते आणि गुणही नसतात. हव्या त्या कपाटापाशी थांबण्याची मुभा असते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांपैकी पहिला असा, की ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत. आणि शेवटचा असा, की ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे. हे दोन नियम एकत्र वाचले तर कृतिकक्षाला वेगळे समर्थन लागत नाही. वीजमंडलावरचे पुस्तक वाचून झाल्यावर शेजारच्या टेबलावर तार, बॅटरी आणि छोटा दिवा मिळाला, तर ते पुस्तक खऱ्या अर्थाने वापरले गेले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फेएटव्हिल या छोट्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०११ च्या सुमारास याच विचाराने असा कक्ष उघडला आणि पुढे अनेक ग्रंथालयांनी ती वाट धरली. त्याहून जुने उदाहरण कॅलिफोर्नियातील बर्कले शहराचे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून नागरिकांना पुस्तकांप्रमाणेच अवजारेही घरी नेण्यासाठी देते. नोंदवहीत नोंद करायची, ठरल्या दिवशी परत आणायचे, हा नियम पुस्तकाला लागू आहे तसाच करवतीला.

जैन वाचकाला तर ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत आज आपण हस्तलिखिते पाहतो, तेव्हा त्यांमागची कारागिरी नजरेतून निसटते. ताडपत्र निवडून लिहिण्याजोगे करणे, काजळ, डिंक आणि बीजाबोळ घोटून शाई तयार करणे, बोरू तासणे, ओळी आखणे, लाकडी पाटल्या रंगवणे, पोथी वेष्टनात बांधून दाबड्यात ठेवणे, ही सारी हातांची कामे होती. लहिया हा नुसता नक्कल करणारा नव्हता, तो कुशल कारागीर होता. आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजींनी ही भांडारे पुन्हा लावताना पोथ्यांच्या मजकुराइतकाच या लेखनकलेचाही अभ्यास केला आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, अशी परंपरा सांगते. त्यांतील वाणिज्य आपल्या समाजाने उत्तम जोपासले. शिल्प मात्र हळूहळू दुसऱ्यांच्या हाती गेले आणि घरातील मुलाला वस्तूची खरेदी आणि विक्रीची किंमत ठाऊक, पण ती बनते कशी हे ठाऊक नाही, अशी अवस्था आली.

वसईचे भांडवल

या कामासाठी वसई-विरारकडे जे आहे ते फार थोड्या गावांकडे असेल. प्राचीन काळी सोपारा हे नामांकित बंदर होते. पोर्तुगीजांच्या अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसईला जहाजे बांधली जात. आज गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. तेथे लेथ चालतात, साचे घडतात, प्लास्टिकचे सुटे भाग निघतात, पत्रा वाकवला जातो. अर्नाळा, पाचूबंदर भागांत मच्छीमारांच्या होड्यांची डागडुजी चालते. शाळेपासून काही किलोमीटरवर बसलेला अनुभवी फिटर जे शिकवू शकेल ते महागड्या संचाबरोबर आलेली पुस्तिका शिकवू शकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याला अधिकृत वाटही करून दिली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तरविरहित’ दिवस असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे, असे त्या धोरणात म्हटले आहे. वसईतील शाळेला हे जाणकार शोधायला लांब जावे लागत नाही. यांतील अनेक गाळ्यांशी व्यापारी कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे देण्याघेण्याचे संबंध आहेत. कोणाच्या हाताला सफाई आहे आणि कोणाच्या बोलण्यात गोडवा आहे, हे हार्डवेअरच्या दुकानदाराला जितके माहीत असते तितके मुख्याध्यापकांना असण्याचे कारण नाही. दात्याने रकमेबरोबर ही ओळखही द्यावी. तिची किंमत धनादेशावर लिहिता येत नाही इतकेच.

मुलांनी हाती घ्यावे असे प्रश्नही येथे भरपूर आहेत. वसईची सुकेळी हे त्यांतील एक. राजेळी केळी सोलून अनेक दिवस उन्हात वाळवायची, रात्री दवापासून जपायची, धूळ आणि माश्यांपासून राखायची, असा हा कष्टाचा उद्योग आहे आणि तो करणारी घरे आता थोडी उरली आहेत. आठवीच्या मुलांनी लाकडी चौकट, काळा रंग दिलेला पत्रा आणि पारदर्शक आवरण यांपासून छोटी सौर वाळवणपेटी बनवावी. आत आणि बाहेर तापमापी लावावी, दर तासाला नोंद घ्यावी, केळ्यांचे वजन रोज मोजावे. उघड्यावर वाळवलेल्या आणि पेटीत वाळवलेल्या केळ्यांत किती दिवसांचा फरक पडतो, ते पाहावे. मग एखाद्या सुकेळी करणाऱ्या आजींना ती पेटी दाखवून त्यांचे मत विचारावे. आजींनी दोष काढले तर पेटी सुधारावी. उष्णतेचे वहन, बाष्पीभवन, टक्केवारी, आलेख आणि बाजारभाव हे सारे त्या एका पेटीत आहे.

पहिले काम : फाटकी पुस्तके

ग्रंथालयातील कृतिकक्षाचे पहिले काम मात्र ग्रंथालयाचेच असावे. प्रत्येक शाळेत कणा सुटलेली, पाने निखळलेली पुस्तके कपाटाच्या खालच्या खणात पडून असतात. सुई, जाड दोरा, पुठ्ठा, कापडी पट्टी आणि खळ एवढ्या साहित्यावर पुस्तकबांधणी शिकता येते. पाचवीचे मूलही ते करू शकते. ज्या मुलाने एखादे पुस्तक स्वतः बांधले ते मूल पुस्तकाचे पान दुमडणार नाही. दुसरे असे, की या कामात वीज नाही, धोका जवळपास नाही आणि वाया जाणारा माल अत्यल्प. ग्रंथपालांचा विश्वास बसण्यासाठीही याहून सोपी सुरुवात नाही.

त्यानंतरची पायरी टाकाऊतून खेळणी बनवण्याची. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगकाडी, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे यांपासून विज्ञान शिकवणारी असंख्य खेळणी तयार केली. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेल्या देणगीतून उभी राहिली, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. शाळेने ती छापून, मुलांकडूनच बांधून घेऊन, टेबलाशेजारच्या फळीवर ठेवावीत.

हातोडी, पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हरचा संच, कानस, लहान करवत, मोजपट्टी, काटकोनी, बेंच वाइस, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि एक साधे शिवणयंत्र एवढ्यावर पहिली दोन वर्षे आनंदाने जातात. शिवणयंत्र विसरू नये. ते स्वस्त आणि टिकाऊ असते, ते दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक बाजारात सापडतो आणि यंत्र कसे चालते हे त्याच्याइतके उघडपणे दुसरे कोणी दाखवत नाही. मुलगे आणि मुली दोघांनीही ते चालवावे. आर्डुइनोसारखी इलेक्ट्रॉनिक पाटी दुसऱ्या वर्षी आणावी. थ्रीडी प्रिंटरचा विचार तिसऱ्या वर्षी करावा. वसईच्या पावसाळ्यातील दमट हवेत प्रिंटरची प्लास्टिकची तार ओलावा शोषते आणि काम बिघडते. ती हवाबंद डब्यात ठेवण्याची शिस्त ज्या शाळेत आधी लागलेली नाही तेथे प्रिंटर महिनोन्‌महिने झाकणाखाली राहील.

हिशेबाची बाजू

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांमध्ये ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्यासाठी अनुदान देण्यास सुरुवात केली आणि अशा दहा हजार प्रयोगशाळा देशभर झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत मूळ अनुदान २० लाख रुपयांपर्यंतचे ठरले. त्याची विभागणी पाहण्यासारखी आहे. १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. म्हणजे यंत्राच्या एका रुपयामागे चालवण्याचा एक रुपया, असे सरकारनेच गृहीत धरले आहे. खासगी दानात हे प्रमाण क्वचितच पाळले जाते. बारशाला हजारो रुपये आणि बाळाच्या दुधाला काहीच नाही, असा तो प्रकार होतो.

ग्रंथालयातील छोट्या कक्षासाठी २० लाखांची गरज नाही. समजा, एका कुटुंबाने ३ लाख रुपये द्यायचे ठरवले. त्यांपैकी ६०,००० रुपये दोन मजबूत टेबले, कुलपाची कपाटे, सुरक्षित वायरिंग आणि अर्थिंग यांसाठी. ४०,००० हातअवजारे आणि शिवणयंत्रासाठी. २०,००० इलेक्ट्रॉनिक साहित्यासाठी ठेवावेत. भांडवली खर्च १,२०,००० रुपयांवर थांबवावा. उरलेले १,८०,००० रुपये हे खेळते भांडवल. ते तीन वर्षांवर वाटले तर वर्षाला ६०,००० आणि शाळेच्या दहा महिन्यांना दरमहा ६,००० रुपये होतात. त्यांतील ३,००० रुपये महिन्यातून काही शनिवार येणाऱ्या कारागिराचे मानधन, २,००० रुपये पुठ्ठा, तार, खिळे, पत्रा, बॅटरी अशा संपणाऱ्या मालासाठी आणि १,००० रुपये दुरुस्तीसाठी. आकडे शाळेनुसार बदलतील. विभागणीचे तत्त्व बदलू नये. उरलेली रक्कम शाळेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू न देता मुदत ठेवीत ठेवावी आणि दर वर्षी तिचा एक तृतीयांश भाग मोकळा करावा. व्याज दुरुस्तीला उपयोगी पडेल.

तिसऱ्या वर्षानंतर काय, हा प्रश्न उरतो. तेथे पाबळची रीत कामी येते. पालकांच्या बंद पडलेल्या इस्त्रीची वायर बदलणे, वह्या बांधून देणे, कापडी पिशव्या शिवणे अशी कामे माफक मोबदला घेऊन करता येतात. वीजवस्तूंचे काम अर्थातच जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. यातून पूर्ण खर्च निघणार नाही आणि तो निघावा असा हट्टही नसावा, नाहीतर शाळेचा कारखाना होईल. पण किर्द मुलांनी लिहावी, खतावणी मुलांनी करावी आणि वर्षअखेरीस ताळेबंद पालकसभेपुढे वाचावा. व्यापारी घरातील मुलाला हा भाग सोपा जाईल आणि कारागिराच्या मुलाला लोखंडाचे काम. एका टेबलावर बसून दोघे एकमेकांना शिकवतील.

करसवलतीचा विचार करणाऱ्या दात्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, म्हणून रक्कम बँकेमार्फतच द्यावी. आणि नव्या करप्रणालीची निवड केलेल्या व्यक्तीला अशा देणगीची वजावट नाही. निर्णय घेण्याआधी आपल्या सनदी लेखापालांना विचारावे.

चार शंका

पहिली शंका ग्रंथालयाच्या शांततेची. ती रास्त आहे. उपाय वेळापत्रकाचा आहे. वाचनाचे तास आणि कामाचे तास वेगळे ठेवावेत. सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने भरणाऱ्या शाळेत दोन्हींच्या मधला वेळ आणि शनिवार उपयोगी पडतो. कातरकाम, बांधणी, शिवण ही शांत कामे एरवीही चालू शकतात.

दुसरी शंका इजेची. सोल्डरिंग आणि करवत यांसाठी डोळ्यांवर चष्मा, बांधलेले केस, उघडी खिडकी, जवळ प्रथमोपचार पेटी आणि एक जबाबदार मोठे माणूस हे नियम अपवादाविना पाळले गेले पाहिजेत. मोठे माणूस हजर नसेल त्या दिवशी कपाट उघडायचे नाही. घरातील स्वयंपाकघरात सुरी असते म्हणून आपण मुलांना तेथे बंदी करत नाही, सुरी धरायला शिकवतो.

तिसरी शंका गुणांची. दहावीच्या वर्षी हा वेळ परवडेल का, असे पालक विचारतात. आठवड्यातून एक तास, पाचवी ते नववी, एवढीच मर्यादा ठेवली तर ही शंका बरीच निवळते. मात्र यातून गुण वाढतील असे आश्वासन शाळेने देऊ नये. मूल अडचणीपुढे दबकणार नाही, बिघडलेली वस्तू फेकण्याआधी उघडून पाहील, एवढी अपेक्षा पुरे. अपरिग्रहाचा संस्कार व्याख्यानापेक्षा अशा दुरुस्तीच्या सवयीतून अधिक खोल रुजतो.

चौथी शंका सर्वांत अवघड आहे : हे करणार कोण? अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतात आणि त्यांच्यावर इतर कामांचाही भार असतो. त्यांच्या डोक्यावर हे नवे ओझे परस्पर ठेवले, तर कक्ष पहिल्याच सत्रात थांबेल. म्हणून ग्रंथपालांना बैठकीत पहिल्या दिवसापासून बसवावे, साहित्याची यादी त्यांच्या संमतीने करावी आणि मदतीला नववीच्या मुलांची तुकडी द्यावी. अवजारांची नोंद पुस्तकांच्या दाखल नोंदवहीसारखीच ठेवता येते आणि ती विद्या ग्रंथपालांना अवगत आहेच. शिकवण्याचे काम कारागिराचे आणि विज्ञानशिक्षकाचे, व्यवस्थेचे काम ग्रंथपालांचे.

मुंबईत वैभव छाबरा यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘मेकर्स असायलम’ या उपक्रमाचा उगम येथे सांगण्यासारखा आहे. त्यांच्या कार्यालयाचे छत कोसळले आणि फर्निचर मोडले. ते दुरुस्त करण्यासाठी त्यांनी लोकांना बोलावले. माणसे जमली, अवजारे जमली आणि त्यातून कार्यशाळा उभी राहिली. याच मंडळींनी २०२० च्या टाळेबंदीत पुढाकार घेऊन देशभरातील अशा कार्यशाळांच्या साहाय्याने दहा लाख फेसशील्ड तयार केली. मोडलेल्या खुर्चीपासून सुरू झालेले काम संकटाच्या वेळी उपयोगी पडले, कारण मधली सात वर्षे ती जागा उघडी आणि वापरात होती.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून झाडल्यापुसल्या जातात आणि पुस्तक-लेखणीची पूजा होते. पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्याला असे दर वर्षी आठवणीने उघडले जाणारे कुलूपही कारण आहे. शाळेला कृतिकक्ष देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने तोच दिवस वार्षिक भेटीसाठी ठरवावा. नामफलक पुसला आहे का, हे पाहण्याची गरज नाही. कपाटाची चावी कोणाकडे आहे, गेल्या महिन्यात ती किती वेळा वापरली गेली, कानशीला गंज चढला आहे की ती वापरून गुळगुळीत झाली आहे, आणि खळीचा डबा रिकामा आहे का, एवढे विचारावे. डबा रिकामा असेल तर तो भरून द्यावा.